टेकडीवरचं मटण आणि सासूबाईंचं नाक

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटातलं गवत रंग बदलायला लागतं. पावसाळाभर ते ओलं, दाट, माजलेलं असतं. मग एके सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभं राहावं तर टोकं तांबूस झालेली दिसतात आणि खालून पिवळेपणा वर चढत असतो. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. या गवतांची शास्त्रीय नावं मला विद्यार्थ्यांकडून घोकून घ्यावी लागतात. पण या दिवसांत ते गवत वाऱ्यावर सळसळलं की मला नाव आठवत नाही, मटण आठवतं. आणि गंमत म्हणजे मी मटण खात नाही.

यंदाही परवा बकऱ्या पाळणाऱ्या गिरिजाचा जवळच्या सिहोऱ्याकडून फोन आला. "दीदी, घास पकने लगी है. माताजी से कहिए, अब आ जाएँ." सासूबाई शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. फोन कोणाचा, हे मी सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तिला सांगजो, मांडीचं ठेवजो म्हणावं. मागच्या वेळी नुसतं बरगडीचं दिलं होतं तिनं." एवढंच बोलणं. पण मला एकदम तो हिवाळा आठवला, ज्या हिवाळ्यात आमची आणि गिरिजाची ओळख झाली. त्या वर्षी सासूबाई अशा हक्कानं काही मागतील, असं आमच्या घरात कोणाला वाटलं नव्हतं.

मी मूळची मिरजेची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. लग्न होऊन जबलपूरला आले ती भोसल्यांच्या काळात नागपूरहून चाकरीसाठी इकडे आलेल्या आणि मग इथल्याच होऊन गेलेल्या घरात. त्यांची मराठी कानाला वेगळी लागायची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मीनल, जरा सांबार आणजो," आणि मी फ्रिजमध्ये डाळीचं भांडं शोधत राहिले. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे अनिरुद्धनं, माझ्या नवऱ्यानं, हसू आवरत सांगितलं.

सासरी दिवाळी ते होळी दर रविवारी मटण शिजायचं. माझ्यासाठी सासूबाईंनी लग्न ठरल्यावरच एक वेगळी शेगडी आणि वेगळी भांडी मांडून ठेवली होती. "तू खाऊ नको, तुझी मर्जी. पण नाक दाबून फिरू नको घरात, मला वाईट वाटते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मी नाक दाबलं नाही. पण रविवारी सकाळी मी काहीतरी निमित्त काढून कमानिया गेटकडे खरेदीला निघून जायचे. परत येईपर्यंत जेवणं उरकलेली असत. आम्हा दोघींमध्ये हा न बोलता झालेला करार होता आणि तो दोघींना सोयीचा होता.

सासूबाईंचं नाक हा आमच्या गल्लीत चर्चेचा विषय होता. खोबरं भाजताना त्या स्वयंपाकघरात नसायच्याच. अंगणात तुळशीला पाणी घालता घालता ओरडायच्या, "उतरव आता! एक क्षण थांबलीस तर कडू होईल." शेजारच्या घरात फोडणी पडली की ती मोहरीची की जिऱ्याची हे तर त्या सांगायच्याच, पण तेल जुनं आहे हेही सांगायच्या. अनिरुद्ध लहानपणी शाळेतून येताना चोरून काय खाऊन आला आहे, हे त्यांना दारातच कळायचं.

मग साथीचं ते वर्ष आलं. घरात सगळ्यांनाच ताप येऊन गेला. सगळ्यांचीच चव गेली आणि सगळ्यांची परतही आली. फक्त सासूबाईंची आली नाही. सुरुवातीला त्यांनी चेष्टेवारी नेलं. "चलो, आता कारलंही गोड लागेल." पण महिने गेले. साथ ओसरली, लोक लग्नाकार्यांना जायला लागले, शाळा भरल्या, आणि सासूबाईंच्या जगात मात्र ना फुलाचा वास होता ना फोडणीचा. त्यांची भाजी करपायला लागली. दूध उतू जाऊन गॅसवर काळं पडलं तरी त्या शेजारच्या खोलीत शांतपणे पेपर वाचत बसलेल्या असायच्या. एवढी गंधाची बाई, तिला आता प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहून ठरवावी लागत होती.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले आणि दार उघडताच गॅसचा भपकारा आला. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. बर्नरचं बटण अर्धवट फिरलेलं होतं आणि आगपेटी त्यांच्या हाताशी होती. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून अंगणात नेलं. त्या विचारत राहिल्या, "काय झालं? काहून ओढून राहिलीस मला?" मी सांगितलं तेव्हा त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आता माझ्याच्यानं नाही होत, मीनल. तूच कर."

त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा येईनात. मी करायचे ते सांगलीकडचं, गूळ-आमटीचं जेवण. ते त्या दोन घास खाऊन उठायच्या. चवच नाही तर खायचं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. गळ्यातली पोत लांब वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले की नाकातल्या नसा दुखावल्या आहेत, वास परत येऊ शकतो, पण कधी ते सांगता येत नाही. रोज लवंग, लिंबू, निलगिरी असं काहीतरी हुंगत राहा आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करा. सासूबाई रोज सकाळी निमूटपणे बाटल्या नाकाशी धरायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "लवंग म्हणजे काडी. लिंबू म्हणजे ओलं. झालं?"

त्याच सुमारास एका रविवारी वर्षाताईंचा व्हिडिओ कॉल आला. वर्षाताई म्हणजे माझ्या नणंद, बऱ्याच वर्षांपासून मेलबर्नला असतात. त्या स्वयंपाक करता करता बोलत होत्या. तिकडे त्या बीफ करतात हे सासूबाईंना माहीत होतं. इकडे तो विषय कोणी काढत नसे, पण त्या दिवशी फोन ओट्यावरच टेकवलेला होता आणि भांडं समोरच दिसत होतं.

"आई, रागावू नकोस," वर्षाताई म्हणाल्या, "पण मला तुझीच आठवण येऊन राहिली आज. इथे पाकिटावर लिहिलेलं असते, गवतावर वाढलेलं जनावर आहे की दाणा खाऊन वाढलेलं. मी पहिल्यांदाच गवतावरचं आणलं. आई, शपथ, भांडं उघडलं आणि आपल्या लहानपणच्या रविवारचा वास आला. चरबीचा नाही. पाल्याचा, रानाचा."

मला वाटलं सासूबाई फोन ठेवून देतील. पण त्या पुढे सरकून बसल्या. "बरोबर आहे," म्हणाल्या. "तुझे बाबा आणायचे ते टेकड्यांवर चरलेलं असायचं. आता दुकानात येते ते बांधून घातलेल्या बोकडाचं. पेंड खाऊन नुसतं फुगते. मऊ लोण्यासारखं शिजते, आणि वास? माझं नाक होतं तेव्हाही नव्हता येत त्याला वास." बऱ्याच दिवसांनी त्या एका दमात एवढं बोलल्या होत्या. फोन ठेवल्यावर पुन्हा पेपर उघडून बसल्या. पण माझ्या मनात काहीतरी अडकून राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी सहज विषय काढला. आमच्या विभागात एक सहकारी सिहोऱ्याची आहे. ती म्हणाली, तिच्या गावाकडे गिरिजा नावाची एक बाई आहे. जबलपूरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होती, कंटाळून गावी परतली आणि आता बकऱ्या पाळते. बांधून नाही, चारून. पावसाळा संपल्यावर, जनावरं भरली की मगच विकते. उन्हाळ्यात कोणी कितीही मागितलं तरी देत नाही.

"आई, जाऊन येऊ या का?" मी विचारलं.

"तू?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू बोकड घ्यायला येशील?"

"मी गाडी चालवेन. बोकडाचं तुम्ही बघा."

"मला काय कळणार आता? डोळ्यांनी बघून मटण घेतात का कुठे?" असं म्हणाल्या खऱ्या, पण रविवारी सकाळी शाल पांघरून गाडीत बसल्या.

सिहोरा सोडून गाडी आत वळली तेव्हा ऊन कोवळं होतं. गव्हासाठी नांगरलेली काळी शेतं, मध्येच एखादी खुरटी टेकडी, तिच्यावर बोरी, खैर आणि पळस. गिरिजाचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. ती स्वतः आमची वाट बघत रस्त्यावर उभी होती. सलवार-कमीजवर पुरुषी जॅकेट, पायात बूट, हातात फोन. मोकळी, हसरी बाई. आम्हाला चहा देऊन ती मला टेकडीवर घेऊन गेली. बकऱ्या पांगून चरत होत्या. मागच्या पायांवर उभ्या राहून बोरीच्या फांद्या ओढत होत्या, एक घास इथला, एक तिथला. मी पळस म्हणायचे, ती छेवला म्हणायची. मी पानाच्या शिरा दाखवायचे, ती कोणती बकरी कोणत्या झाडावर जीव टाकते ते सांगायची. दोघींना मजा येत होती. तिनं दाखवलं की बकऱ्या टेकडीच्या एका अंगाला थोडे दिवस चरल्या की ती त्यांना दुसऱ्या अंगाला नेते. मागे ठेवलेल्या भागात गवत पुन्हा उठून उभं राहिलेलं होतं आणि लेंड्यांभोवती तर जास्तच गच्च होतं.

मी न राहवून तिला हिंदीत विचारलं, "तुला वाईट नाही वाटत? एवढं सांभाळायचं आणि मग..."

"लगता है न, दीदी," ती म्हणाली. "जिस दिन खटीक भैया आते हैं, उस दिन मैं बाकी सबको लेकर ऊपर चली जाती हूँ. घर पर रुका नहीं जाता." मग म्हणाली, "पर जितने दिन रहे, खुले में रहे. अपनी मर्ज़ी का खाया."

मटण या शब्दामागे माझ्यासारख्या न खाणाऱ्या बाईला पहिल्यांदाच एक आख्खं आयुष्य दिसलं, ऊन-पाऊस घेतलेलं, टेकड्या चढलेलं. खायचंच असेल तर हे खावं, कमी खावं, त्याच्या ऋतूत खावं, असं मला तिथे उभं राहून वाटलं, आणि ते मत आजही बदललेलं नाही.

आम्ही खाली आलो तर सासूबाई खाटेवर तशाच शाल लपेटून बसल्या होत्या. चहा गार झालेला. बघायचं म्हणून बघत होत्या. तेवढ्यात गोठ्यामागून एक थोराड बोकड डुलत आला. लांब दाढी, मागे वळलेली शिंगं, आणि अंगाला असा काही उग्र दर्प की मी पदर नाकाशी नेला. तो थेट सासूबाईंच्या खाटेला अंग घासत उभा राहिला.

"ई!" सासूबाई किंचाळल्या. "काय घाण वास येऊन राहिला याला!"

गिरिजाला मराठी कळलं नसेल, पण तोंडावरचा भाव कळला. ती घाईघाईनं म्हणाली, "माताजी, मर्द है न, इन दिनों महकता है. मैं हटाती हूँ."

"थांब!" मी ओरडले. "हटवू नकोस! रुको!"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही आता कळलं होतं. त्यांनी हळूच हात पुढे केला, बोकडाचं शिंग धरलं आणि वाकून त्याच्या मानेत नाक खुपसलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. आमच्या घरातल्या सगळ्यांत नीटनेटक्या बाईनं, जिच्या पलंगपोसाला सुरकुती चालत नाही, एका माजावर आलेल्या बोकडाला मिठी मारली होती. वर पाहिलं तेव्हा डोळे भरून आले होते.

"गेला गं," त्या म्हणाल्या. "आला होता. खरंच आला होता. आता नाही येत."

"पुन्हा येईल," मी म्हणाले. आणि त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. बोकड आमच्या दोघींच्या पदरांचा वास घेत राहिला. गिरिजाला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. घरी येईपर्यंत गाडीत त्याच दर्पाचा मुक्काम होता. मी काचा उघडल्या नाहीत.

पुढच्या रविवारी गिरिजानं स्टीलच्या डब्यात, पळसाच्या पानांत बांधून मटण पाठवलं. ते दुकानातल्यापेक्षा गडद होतं, लालभडक, आणि चरबी अगदी बेताची. सासूबाई बऱ्याच महिन्यांनी ओट्यापाशी उभ्या राहिल्या. हात आपोआप चालायला लागले. पण कांदा परतायला घेतला आणि थांबल्या.

"मीनल!"

मी पर्स घेऊन बाहेर पडण्याच्या बेतात होते.

"इकडे ये. मला सांग, कांद्याचा कसा वास येऊन राहिला?"

"कच्चा."

"कच्चा म्हणजे कसा? नीट सांग ना. मास्तरीण आहेस."

मी पर्स खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी मटणाच्या भांड्यावर वाकले. "डोळ्यांत जातोय अजून. पण मागून जरासा गोड यायला लागलाय. शेताच्या बांधावर कोणी हुरडा भाजायला बसावं, तसा लांबून."

"मग अजून थोडं," त्या म्हणाल्या.

तसे आम्ही पुढे गेलो. खोबरं, खसखस, दगडफूल. त्या करायच्या, मी सांगायचे. त्या दिवशीचं मटण मात्र फसलं. सवयीनं त्यांनी कुकर लावला, नेहमीइतक्या शिट्ट्या केल्या, आणि पानात वाढलं तर अनिरुद्ध बिचारा एकच तुकडा किती वेळ चघळत बसला होता. "मस्त झालंय," तो म्हणाला. गालात तुकडा तसाच होता. सासूबाई त्याच्याकडे बघून हसल्या. "खोटं बोलू नको. वातड आहे. टेकड्या चढलेलं जनावर आहे ते, घाई चालणार नाही त्याला."

त्यानंतर कुकर गेला. मिरजेला आम्ही ज्याला पातेलं म्हणतो, तो जुना जाड बुडाचा गंज माळ्यावरून खाली आला. दही-आलं-लसूण लावून मटण सकाळी आधी मुरायला ठेवायचं, मग मंद आचेवर झाकणावर पाणी ठेवून शिजवायचं, आणि मध्ये मध्ये ते गरम पाणीच आत सोडायचं. माझी कमानिया गेटची रविवारची खरेदी बंद झाली. खिडकीतून उन्हाची तिरीप ओट्यावर यायची, गंजाखाली आच मंद असायची आणि आम्ही दोघी वेताच्या बुटक्या मुढ्यांवर बसून असायचो. स्वयंपाक कमी आणि गप्पा जास्त. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला तेव्हा कळलं की सासूबाईंना गाणं शिकायचं होतं, आणि त्यांना कळलं की मला मिरजेच्या घराची आठवण पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात येते.

या मटणानं घरात काय काय केलं ते मी लांबून बघत होते. रश्श्यावर तेलाचा तो जाड थर तरंगत नसे. अनिरुद्धला दुपारी जेवल्यावर सुस्ती येत नसे, उलट तो अंगणात काहीतरी ठोकाठोक करत बसे. हाडांचं पाणी उरलं तर त्या थंडीत ते सकाळी जेलीसारखं थरथरतं गोठलेलं मिळायचं. सासूबाई ते गरम करून, मिरपूड घालून प्यायच्या. चव कळत नव्हती तेव्हाही प्यायच्या, म्हणायच्या, "घशाखाली उतरते तेव्हा बरं वाटते." रविवारचं मटण म्हणजे आता आठवडाभराचं मन भरल्यासारखं व्हायचं, त्यामुळे मधल्या वारी कोणी मागतही नसे. हळूहळू त्यांची पोत गळ्यात पुन्हा जागेवर आली.

आणि वास? तो एकदम आला नाही. तुकड्या-तुकड्यांनी आला, आणि पहिल्यांदा सगळे घाणच वास आले. कॉफीला त्यांना जळक्या रबराचा वास यायचा. साबणाला कुजक्या पाण्याचा. त्या वैतागायच्या, मी मात्र खूश व्हायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं उलटसुलट येणं म्हणजे नसा जाग्या होताहेत. मग एका सकाळी लवंगेची बाटली नाकाशी धरून त्या म्हणाल्या, "काडी नाही आज. तिखट आहे." संक्रांतीच्या आधी तिळाचा आला. मग एका रविवारी पळसाची पानं सोडताना त्या थबकल्या. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही." पण बोटं नाकाशी नेऊन त्या उगाच उभ्या राहिल्या.

गंजावर वाकून मी वास सांगायचा आमचा रिवाज मात्र चालूच होता. मी शब्द शोधत राहायचे. वर्गात मी वर्षानुवर्षं फुलांचे भाग शिकवले, पण गंधासाठी आपल्याकडे शब्द किती थोडे आहेत हे मला त्या मुढ्यावर बसून समजलं. जिरं म्हणजे उन्हात तापलेली गच्ची. दगडफूल म्हणजे बंद देवघर उघडल्यावर येतो तो. आणि मटण शिजत आलं की? ते सांगणं सगळ्यांत अवघड होतं. मी चाखत नव्हते, फक्त हुंगत होते. "टेकडीवर ऊन पडलंय," मी एकदा म्हणाले, "आणि कोणीतरी पाला चुरडत चालत गेलंय." सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "हां," म्हणाल्या. "शिजलं मग."

होळी जवळ आली. पळसाला फुलं आली, टेकडीवर गवत राखाडी पडलं आणि गिरिजानं सांगितलं, आता बस, पुढच्या थंडीपर्यंत नाही. हा आठवडा शेवटचा. त्याच आठवड्यात एक दिवस मी कॉलेजातून लवकर निघाले होते. फाटक उघडंच होतं. व्हरांड्यात सासूबाई पाठमोऱ्या बसून वर्षाताईंशी फोनवर बोलत होत्या. मी चप्पल काढायला वाकले आणि तशीच थांबले.

"येतो ना वास," त्या सांगत होत्या. "सगळा नाही, पण येतो. संक्रांतीपासून येऊन राहिला. मटणाचा तर छान येतो."

वर्षाताई तिकडून काहीतरी म्हणाल्या. बहुतेक विचारलं असावं, मग मीनलला अजून काहून विचारतेस?

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली मला स्वयंपाक करून. सगळे खातात, छान म्हणतात, हात धुतात. माझ्या रश्श्याला कसा वास येतो, हे आजपर्यंत कोणी बसून सांगितलं का मला? ही पोरगी खात नाही, तरी माझ्या बाजूला बसून सांगते. मला बाप्पा ऐकायला आवडते. तिला सांगू नको."

मी चप्पल हातात घेतली, पाय न वाजवता फाटकाबाहेर गेले, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे उभी राहून डोळे पुसले. मग परत आले ती फाटक जोरात आपटत.

रविवारी शेवटचं मटण आलं. सासूबाईंनी ते नेहमीसारखंच मुरवलं, गंज चढवला, झाकणावर पाणी ठेवलं. आम्ही मुढ्यांवर बसलो. ऊन आता कडक झालं होतं, खिडकीची झडप अर्धी बंद केलेली. बऱ्याच वेळानं त्यांनी झाकण उचललं, वाफ वर आली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांग. कसा येऊन राहिला?"

मी घाई केली नाही. पुढे वाकून दीर्घ श्वास घेतला आणि सांगायला लागले. बोरीच्या पाल्याचं सांगितलं, खोबऱ्याचं सांगितलं, रश्श्याच्या कडेला जमलेल्या लालसर रेषेचं, जिला तिखटाचा नाही तर पिकलेल्या उबेचा वास असतो, तिचं सांगितलं. सांगता सांगता माझे शब्द संपले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि नाकपुड्या हळूच फुलत होत्या.

"अजून?" त्या म्हणाल्या.

मी अजून सांगितलं.